केरो, इलिनॉय : दोन महानद्यांच्या बेचक्यातलं गाव रिकामं का झालं?

वाटसरू

२०२४ च्या एप्रिलमध्ये खग्रास ग्रहण बघायला आम्ही सेंट लुईसहून कार्बनडेलला गेलो होतो. ग्रहणाचे धागे या मंचावर भरपूर झालेत, ते राहू दे. दुसऱ्या दिवशी घरी परतायच्या आधी गाडी दक्षिणेला घातली आणि इलिनॉय राज्य जिथे संपतं तिथपर्यंत गेलो. तिथे केरो आहे. स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचं, उच्चार केरो, आणि या सगळ्या दक्षिण भागाला 'लिटल इजिप्त' म्हणायची पद्धत. शिकागो याच राज्यात आहे यावर तिथे विश्वास बसत नाही. केरो शिकागोपासून साडेतीनशेहून जास्त मैल दूर आहे आणि व्हर्जिनियातल्या रिचमंडच्याही दक्षिणेला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात रिचमंड ही गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेची राजधानी होती. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आधी भूगोल. पूर्वेकडून ओहायो येते, पश्चिमेकडून मिसिसिपी, आणि दोघींच्या मधे निमुळत्या होत गेलेल्या गाळाच्या सपाट जमिनीवर हे गाव. अगदी टोकाशी 'फोर्ट डिफायन्स' नावाचं उद्यान आहे. तिथे दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला केंटकी, उजव्या हाताला मिसूरी. मिसिसिपीचं पाणी गढूळ तपकिरी, ओहायोचं त्या मानाने निवळ, हिरवट. दोन्ही पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात, मधली रेघ स्वच्छ दिसते. पुढे नाव मिसिसिपीचं चालतं, पण सरासरी पाहिली तर या ठिकाणी जास्त पाणी ओहायोच घेऊन येते. बोटवाल्यांसाठी हा बिंदू महत्त्वाचा: वरच्या मिसिसिपीचे मैल इथे शून्य धरून मोजतात आणि ओहायोचा ९८१ वा मैल इथे संपतो. उद्यानातल्या झाडांच्या बुंध्यांवर माझ्या डोक्याच्याही वर वाळलेल्या चिखलाची रेघ होती, सगळ्या झाडांवर एकाच पातळीत. पूर किती येतो हे सांगायला वेगळी पाटी नको.

संपूर्ण इलिनॉय राज्यातली सगळ्यात सखल जमीन ही. त्यामुळे गावाभोवती मातीचे बांध आणि काँक्रीटची भिंत. उत्तरेकडून शिरताना रस्ता रेल्वेच्या भरावाखालून जातो आणि तिथे १९१४ सालचं एक अवाढव्य लोखंडी दार वर टांगलेलं आहे. साठ फूट रुंद, चोवीस फूट उंच. महापूर आला की ते खाली सोडायचं, म्हणजे गाव बेट होतं.

आता आकडे. १८६० मध्ये वस्ती २,१८८. १८७० मध्ये ६,२६७. १९२० मध्ये १५,२०३, हा कळस. १९६० मध्ये ९,३४८. १९७० मध्ये ६,२७७, म्हणजे शंभर वर्षांत निव्वळ वाढ दहा माणसांची! त्यानंतर घसरगुंडी: २००० मध्ये ३,६३२, २०१० मध्ये २,८३१, २०२० मध्ये १,७३३. दर दहातले सात कृष्णवर्णीय. केरो ज्या अलेक्झांडर काउंटीचं मुख्यालय आहे, त्या काउंटीने २०१० ते २०२० या दशकात ३६ टक्क्यांहून जास्त लोक गमावले. देशातल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त.

कमर्शियल अव्हेन्यू हा एकेकाळचा बाजाररस्ता. रस्ता ऐसपैस, दोन्ही बाजूंना गवताचे पट्टे आणि मधूनच एखादी तीनमजली विटांची इमारत एकटीच उभी. अशा एका इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर शेजारच्या पाडलेल्या इमारतीच्या जिन्याची तिरपी खूण आणि वरच्या खोलीचा निळसर गिलावा तसाच आहे. दोन चौक सोडून १८७२ चं दगडी कस्टम हाउस आहे, आता संग्रहालय. १८८४ चं ग्रंथालय आहे आणि मॅग्नोलिया मॅनर नावाचा चौदा खोल्यांचा वाडाही. समुद्रापासून इतक्या आत कस्टम हाउस कशाला, असं मुलीने विचारलं. परदेशी माल न्यू ऑर्लिन्सहून नदीने वर यायचा आणि जकात इथे भरली जायची, इतका इथला व्यापार होता.

हे शहर मोठं होणारच, अशी सगळ्यांची खात्री होती. इलिनॉय राज्य झालं १८१८ मध्ये, आणि त्याच वर्षी इथे शहर वसवायची पहिली सनद निघाली. ती बारगळली. १८३७ मध्ये डॅरियस होलब्रुक नावाच्या माणसाने कंपनी काढून पुन्हा घाट घातला, लंडनमध्ये रोखे विकले. १८४० मध्ये सगळं दिवाळ्यात गेलं. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स बोटीतून इथून गेला आणि चिखल, हिवताप नि अर्धवट घरं पाहून त्याने या जागेला यथेच्छ शिव्या घातल्या. पण १८५० च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वे पोहोचली आणि नशीब फिरलं. १८६१ मध्ये युद्ध पेटल्यावर उत्तरेच्या सैन्याने हे टोक ताबडतोब ताब्यात घेतलं. उत्तरेचा सेनानी युलिसिस ग्रँट सप्टेंबरात इथे येऊन बसला आणि १८६२ च्या फेब्रुवारीत दक्षिणेचे फोर्ट हेन्री नि फोर्ट डोनल्सन हे किल्ले घेतले ते इथून निघूनच. शेजारच्या माउंड सिटीत चिलखती गनबोटी बांधल्या जात होत्या.

मग घोडं पेंड कुठे खातं? माझं मत आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

मृगजळ

वाचनखूण साठवली आहे. फोटो टाका की! १८७० आणि १९७० चा आकडा वाचून हसू आलं आणि मग वाईट वाटलं. एक बाळबोध शंका: दोन इतक्या मोठ्या नद्या, वर रेल्वे, वर महामार्ग. मग हे सेंट लुईस का झालं नाही?

तळटीप

मृगजळ, शंका बाळबोध नाही, पण उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. केरो नद्यांमुळे जगत नव्हतं, नद्या ओलांडता येत नव्हत्या म्हणून जगत होतं. शिकागोहून आलेली गाडी इथे थांबायची, डबे नावेवर चढवून पलीकडे केंटकीला न्यायचे. थांबा म्हटलं की हमाल आले, गोदामं आली, खानावळी आल्या, हॉटेलं आली. बोटीचा माल रेल्वेत, रेल्वेचा बोटीत. दक्षिणेचं लाकूड इथे उतरायचं. सिंगर कंपनीचा लाकूडकामाचा कारखानाही इथे होता. आपल्या आज्यांच्या शिवणयंत्रांशी तेवढंच नातं!

१८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला. त्या काळातलं केवढं मोठं काम, गावाने आनंद केला असणार. पण पुलावरून गाडी न थांबता जाते. रस्त्यांचे पूल आले: मिसिसिपीवर १९२९ मध्ये, ओहायोवर १९३८ मध्ये. नावा बंद. शेवटी १९७८ मध्ये इंटरस्टेट ५७ या महामार्गाचा पूल गावाच्या उत्तरेला झाला आणि शिकागो–मेम्फिस जाणारा ट्रकवाला गावात शिरायचाही बंद झाला. वरची लोकसंख्या बघा, उतरण १९२० नंतर लागलेली आहे. मधे १९४० ला थोडी सावरली एवढंच. याला खलनायक लागत नाही, वाहतुकीचं तंत्र बदललं की जंक्शनची गावं मरतात.

खडूफळा

तळटीप यांचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण वाटसरूंनी 'दर दहातले सात' असं लिहून ती गोष्ट तिथेच सोडली. त्यांच्या मनात काय आहे याचा अंदाज आला. लिहा की.

वाटसरू

खडूफळा, बरोबर ओळखलंत. लिहितो.

केरो कागदोपत्री उत्तरेत, 'मुक्त' म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यात. युद्धकाळात दक्षिणेतून सुटलेले हजारो गुलाम इथे येऊन पोहोचले, अनेक इथेच राहिले. पण गावाची रीत दक्षिणेची. शिकागोहून दक्षिणेला जाणाऱ्या गाडीत कृष्णवर्णीय प्रवासी केरोपर्यंत कुठल्याही डब्यात बसायचे आणि इथे त्यांना उठवून वेगळ्या डब्यात पाठवायचे. उलट दिशेला इथे ती सक्ती संपायची. रंगाची सीमारेषा फलाटावर होती.

११ नोव्हेंबर १९०९ ला हजारोंच्या जमावाने विल जेम्स नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला शेरीफच्या ताब्यातून ओढून भर बाजारात, विजेच्या दिव्यांच्या कमानीला फाशी दिलं. कमानीचे दिवे लावून. दोर तुटला तेव्हा गोळ्या घातल्या. खटला नाही, काही नाही. त्याच रात्री जमावाने तुरुंगातून एका गोऱ्या कैद्यालाही काढून मारलं. गव्हर्नरला सैन्य पाठवावं लागलं.

१९१३ मध्ये नगरपालिकेची निवडणूक प्रभागांऐवजी सगळ्या गावाची एकत्र होऊ लागली. परिणाम हा की कृष्णवर्णीय उमेदवार निवडूनच येईना. कोर्टात जाऊन ही पद्धत बदलायला १९८० उजाडलं.

१९६२ मध्ये नागरी हक्कांचे कार्यकर्ते इथे आले. पोहण्याच्या तलावाबाहेर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या तरुणांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यातला एक जॉन लुईस, पुढे अनेक वर्षं अमेरिकन काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा सदस्य. तो फोटो केरोचा. तलाव 'खाजगी क्लब' होता, कृष्णवर्णीयांना सभासदत्व नव्हतं. सगळ्यांना प्रवेश द्यायची वेळ आली तेव्हा तो बंदच केला आणि पुढे सिमेंट ओतून बुजवला.

१९६७ च्या जुलैत रजेवर आलेला रॉबर्ट हंट नावाचा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस ठाण्यात गळफास लागलेल्या अवस्थेत मिळाला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, त्याच्या समाजाला ते मुळीच पटलं नाही. दंगल, नॅशनल गार्ड. गोऱ्यांनी 'व्हाइट हॅट्स' नावाची सशस्त्र टोळी उभी केली. १९६९ मध्ये रेव्हरंड चार्ल्स कोएन यांच्या पुढाकाराने 'युनायटेड फ्रंट' स्थापन झाली आणि गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. मागणी काय, तर आम्ही तुमचं गिऱ्हाईक आहोत, आमच्यातल्या कोणाला तरी नोकरीवर घ्या. बहिष्कार वर्षानुवर्षं चालला. रात्री पिरॅमिड कोर्ट्स या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीवर गोळीबार व्हायचा. आणि दुकानदारांनी काय केलं? बहुतेकांनी एक कारकून नेमण्यापेक्षा शटर ओढणं पसंत केलं.

पुलांनी गाव खंगलं, मान्य. पण १९६० ते १९७० या एका दशकात तीन हजार माणसं गेली, तेव्हा इंटरस्टेटचा पूल झालेलाही नव्हता. इथे तंत्र बदललं नाही, माणसांनी ठरवून केलं.

मृगजळ

तलाव सिमेंटने बुजवला?? वाचून सुन्न झाले.

डांबरट

वाचतोय. पण एक विचारू का? बहिष्कार घालणाऱ्यांनीही गाव बुडवलंच ना? ज्या फांदीवर बसलो तीच तोडली. शेवटी नुकसान त्यांचंच जास्त झालं, दुकानं गेली, नोकऱ्या गेल्या. गोरे गाडीत बसून दुसऱ्या गावाला गेले.

खडूफळा

डांबरट, ज्या दुकानात पैसे द्यायचे पण काम मिळायचं नाही, ते दुकान 'आपली फांदी' कशी? चाळीस वर्षं इतिहास शिकवला, हा युक्तिवाद प्रत्येक सत्याग्रहाबद्दल वर्गात ऐकलाय, महाडच्या तळ्याबद्दलसुद्धा.

पण तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने १९०९ च्या प्रकरणाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण ते कमी लोकांना माहीत असतं. इलिनॉयमध्ये १९०५ चा एक कायदा होता: शेरीफच्या ताब्यातला कैदी जमावाने मारला तर शेरीफचं पद जातं. त्यानुसार शेरीफ फ्रँक डेव्हिस यांना काढलं. त्यांनी परत घ्या म्हणून अर्ज केला. तेव्हा शिकागोहून आयडा बी. वेल्स केरोला आल्या. स्वतः गुलामीत जन्मलेल्या, पत्रकार, जमावाच्या हत्यांविरुद्ध आयुष्य घातलेली बाई. गंमत म्हणजे केरोतल्या बऱ्याच कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी शेरीफच्या बाजूने पत्रं दिली होती; माणूस बरा आहे, आमच्यातले काही त्याने कामाला ठेवले होते, असं त्यांचं म्हणणं. वेल्सबाईंनी घरोघर हिंडून, सभा घेऊन मतं फिरवली आणि राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, सुनावणीत वकिलांच्या समोर एकटीने बाजू मांडली. गव्हर्नर डनीन यांनी शेरीफला परत घेतलं नाही. म्हणजे याच गावाने दाखवून दिलं की कायदा राबवला तर चालतो. त्याच गावात पन्नास वर्षांनी तलाव बुजवतात, हे मला जास्त खटकतं.

तळटीप

वाटसरू, इतिहास नाकारत नाहीये. पण वर्णद्वेष तर आजूबाजूच्या सगळ्याच गावांत होता. मग तीच गावं का टिकली? तीसेक मैलांवर केंटकीतलं पडूका आहे, ओहायोच्याच काठी. मिसूरीत वरच्या अंगाला केप जिरार्डो आहे.

वाटसरू

तेच तर मी म्हणतोय! तीही नदीकाठची गावं, त्यांच्यावरूनही पूल गेले, तरी ती टिकली. फरक केरोच्या वागण्यात आहे.

तळटीप

नाही हो. पडूकाला १९५० च्या दशकात सरकारने युरेनियम संपृक्त करण्याचा प्रचंड कारखाना दिला, अणुबाँबच्या शर्यतीची कृपा. केप जिरार्डोला विद्यापीठ आहे. दोघांकडे नदी सोडून दुसरं काहीतरी होतं. आणि दोघांकडे उंच जमीन होती, पसरायला जागा होती. केरोला तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला लोखंडी दार. उद्या एखाद्या उद्योजकाला बांधाच्या आत पन्नास एकर द्यायचे म्हटले तर कुठून देणार?

तुमचं दशकाचं गणित मात्र मानलं. साठच्या दशकातल्या घसरणीला माझ्याकडे पूल नाही.

जलसंपदा_निवृत्त

आता आमचा विषय निघाला म्हणून लिहितो. नोकरीत असताना पूरनियंत्रणाच्या प्रशिक्षणात केरोचं नाव वारंवार यायचं, गाव म्हणून नाही, मोजपट्टी म्हणून. केरोच्या मापकावर पातळी किती, यावरून खालच्या मिसिसिपीचे निर्णय होतात.

१९२७ च्या महापुरानंतर अमेरिकेने १९२८ मध्ये पूरनियंत्रण कायदा केला. त्यात ठरलं की सगळीकडे बांध उंच करत राहणं शक्य नाही, काही ठिकाणी नदीला मुद्दाम वाट द्यायची. त्यातली एक वाट केरोसमोर मिसूरीच्या बाजूला आहे: बर्ड्स पॉइंट–न्यू माद्रिद पूरमार्ग. सुमारे १,३०,००० एकर सुपीक शेती, दोन बांधांच्या मधे. नदीकडचा बांध ठरावीक ठिकाणी मुद्दाम फोडायचा की पाणी शेतात शिरतं आणि केरोवरचा ताण उतरतो. सरकारने तिथल्या जमिनींवर पाणी सोडायचा हक्क आधीच पैसे मोजून घेऊन ठेवलाय. पहिल्यांदा हे १९३७ च्या जानेवारीत केलं. पातळी ५९.५ फुटांवर गेली, केरो वाचलं. त्या पुरात ओहायोकाठची बरीच गावं बुडाली होती.

दुसऱ्यांदा २०११ मध्ये. पाणी साठ फुटांवर, केरोत बांधाच्या आतल्या बाजूला वाळू उकळून वर येऊ लागली. हे लक्षण फार वाईट. बांधाखालच्या वाळूतून पाणी दाबाने येतं आणि येताना माती घेऊन येतं. बांध वरून अभंग दिसतो आणि खालून पोकळ होत असतो. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. मिसूरी राज्य कोर्टात गेलं, खालचं कोर्ट, अपील, शेवटी सर्वोच्च न्यायालय. कुणीही अडवलं नाही. बांधात आधीच पुरून ठेवलेल्या नळ्यांमध्ये बार्जवरून (सपाट मालवाहू बोटीवरून) द्रवरूप स्फोटक भरायचं होतं. ते चालू असताना विजा चमकायला लागल्या म्हणून काम थांबवावं लागलं. कल्पना करा, खाली पाणी चढतंय आणि तुम्ही वीज थांबायची वाट बघताय. २ मे २०११ च्या रात्री स्फोट केला. त्या वेळी पातळी ६१.७२ फूट, आजवरची सर्वांत जास्त. एका दिवसात ती फूटभराहून जास्त उतरली.

डांबरट

१,३०,००० एकर बुडवले, अडीच-तीन हजार माणसांच्या गावासाठी? शेतकऱ्यांना काय वाटलं असेल!

वाटसरू

डांबरट, अगदी हाच प्रश्न मिसूरीच्या विधानसभेच्या अध्यक्षांना पत्रकारांनी विचारला होता: केरो बुडालेलं चालेल की शेती? त्यांनी केरो असं उत्तर दिलं, वर गाव कधी बघितलंय का, असंही विचारलं. ओरड झाल्यावर माफी मागितली. पण बोलून तर गेले.

जलसंपदा_निवृत्त

आणि हिशोब फक्त केरोचा नव्हता, हे नीट समजून घ्या. वरच्या-खालच्या सगळ्याच बांधांवरचा ताण कमी करायचा होता. अनियंत्रित ठिकाणी फुटण्यापेक्षा ठरवलेल्या ठिकाणी फोडणं केव्हाही बरं.

एक मात्र टोचणारी गोष्ट. पूरमार्गात दोनेकशे माणसं राहत होती. त्यात पिनहुक नावाची वाडी होती. १९४० च्या दशकात कृष्णवर्णीय कुळांनी वसवलेली. त्यांना दुसरीकडे कोणी जमीन विकत नव्हतं, म्हणून पूरमार्गातली घेतली. बहुसंख्य कृष्णवर्णीय केरो वाचवायला बांध फोडला आणि त्यात कृष्णवर्णीय पिनहुक कायमची गेली. वर्तमानपत्रांनी 'गोरे शेतकरी विरुद्ध काळं गाव' असं चित्र रंगवलं होतं, त्यात ही वाडी कुठेच बसत नव्हती.

मृगजळ

माझं माहेर सांगलीचं. २०१९ चा पूर पाहिलाय. हे वाचताना अलमट्टीवरून चाललेली भांडणं आठवली.

जलसंपदा_निवृत्त

ताई, ते प्रकरण वेगळं. तिथे खालच्या राज्यातल्या धरणाच्या फुगवट्याचा वाद आहे. इथे कोणाची जमीन बुडणार हे ८० वर्षं आधी कायद्यात लिहून, मोबदला देऊन ठेवलेलं होतं. भांडण तरीही झालंच, ते सोडा.

मी_काठावरची

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, हा धागा बघून. मी केप जिरार्डोला फिजिओथेरपिस्ट आहे. केरोचे पेशंट आमच्याकडे येतात, कारण त्यांच्या गावातलं रुग्णालय १९८६ मध्येच बंद झालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यातून तीनदा यायला सांगितलं की 'गाडी कोण चालवणार?' हा पहिला प्रश्न. व्यायामाचा कागद बनवताना मी आता आधी विचारते, घरी कोण आहे, जिना आहे का, नातवाकडे गाडी आहे का.

तुम्ही दोघं पूल की द्वेष म्हणून भांडताय, पण अगदी अलीकडचा घाव राहिला. गावात एल्मवुड आणि मॅकब्राइड या सरकारी वसाहती होत्या. १९४० च्या दशकातल्या इमारती, वर्षानुवर्षं गैरकारभार, उंदीर, बुरशी, बंद पडलेली हीटिंग. २०१६ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने स्थानिक प्राधिकरणाचा कारभार हातात घेतला, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की दुरुस्ती परवडत नाही, पाडणार. जवळजवळ दोनशे कुटुंबं. त्यांना दुसरीकडे भाड्यासाठी व्हाउचर दिलं, पण केरोत भाड्याने घ्यायला घरं कुठे होती? मग कोणी केपला आलं, कोणी पडूकाला, कोणी आणखी लांब. माझ्या एक पेशंटबाई त्यातल्या. सत्तरीच्या. चर्चला अजून दर रविवारी केरोलाच जातात, भाचा नेतो. २०२० च्या जनगणनेतला १,७३३ हा आकडा पुलाचा नाही आणि दुकानदारांचाही नाही. तो या निर्णयाचा आहे.

किराणा दुकान २०१५ मध्ये बंद झालं. २०२३ मध्ये लोकांनी सभासद होऊन सहकारी तत्त्वावर एक दुकान उघडलं, सरकारी मदतही मिळाली, पण चालवणं जड गेलं. इतक्या कमी गिऱ्हाइकांत भाजीपाला ताजा ठेवायचा म्हणजे सोपं नाही.

तळटीप

मी_काठावरची, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. वाटसरू, तुमची आणि माझी दोघांचीही यादी २०१७ च्या आधी संपली होती, याची नोंद घ्यायला हवी.

बंदराचं काय झालं? दोन नद्यांच्या तोंडाशी आधुनिक नदीबंदर करायची योजना होती ना?

वाटसरू

आहे. २०२० मध्ये राज्याने चार कोटी डॉलर जाहीर केले. कल्पना अशी की न्यू ऑर्लिन्सहून कंटेनर बोटीने इथवर आणायचे आणि पुढे रेल्वे-ट्रकने. मिसिसिपीवर केरोच्या खाली धरणं आणि बोटी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे (लॉक) नाहीत, त्यामुळे मोठी बोट सरळ येऊ शकते, हा मोठा फायदा. तांत्रिकदृष्ट्या जागा आजही तितकीच चांगली आहे जितकी १८१८ मध्ये होती. पण बंदरात काम करायला माणसं कुठून आणणार? आणली तर राहणार कुठे? त्याच वसाहती पाडल्यात. मी_काठावरची यांनी जे लिहिलं त्यानंतर माझं मत असं झालंय की आधी घरं, मग बंदर. उलट क्रमाने केलं तर बंदरात काम करणारा केपला राहील आणि गावात फक्त ट्रकची धूळ येईल.

जलसंपदा_निवृत्त

क्रमाबद्दल सहमत. आणि बांधांचा पंपखर्चही विसरू नका. पूर आल्यावर दारं बंद, मग आत पडलेला पाऊस आणि खालून झिरपलेलं पाणी पंपाने बाहेर फेकावं लागतं. बांधाची लांबी तेवढीच राहते, कर भरणारे मात्र नवव्या हिश्श्यावर आले. पंधरा हजारांसाठी केलेली व्यवस्था सतराशे माणसं कशी सांभाळणार, हा हिशोब कोणीतरी मांडायला हवा.

डांबरट

बरं, भांडण पुरे. मे महिन्यात शिकागोहून न्यू ऑर्लिन्सला गाडीने चाललोय. केरोत थांबण्यासारखं आहे का? घरचे म्हणतात, उजाड गाव बघायला कशाला?

वाटसरू

थांबा. इंटरस्टेट सोडून जुन्या ५१ नंबरने शिरा म्हणजे ते दार दिसेल. कस्टम हाउसच्या वेळा आधी फोन करून विचारा, आणि पाणी चढलेलं असेल तर टोकाचं उद्यान बंद असतं. मेमध्ये तशी शक्यता बरीच. पेट्रोल आणि जेवण वरच उरकून घ्या.

आणि पुढे मिसिसिपी राज्यात विक्सबर्गला नक्की थांबा. माउंड सिटीत बांधलेल्या त्या गनबोटींतली एक, 'यूएसएस केरो', तिथल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात उघड्यावर मांडून ठेवली आहे. १२ डिसेंबर १८६२ ला याझू नदीत पाणसुरुंगाने बारा मिनिटांत बुडाली, एकही माणूस गेला नाही. शंभर वर्षांनी गाळातून वर काढली तेव्हा आत खलाशांची ताटं-वाट्या, बूट, औषधाच्या बाटल्या सापडल्या. ते सगळं शेजारच्या संग्रहालयात आहे. मुलांना ते गावापेक्षा जास्त आवडेल.

डांबरट

भारी. उद्यानाचं आधी बघून घेतो. फोटो इथेच टाकीन.